खंडेनवमीची सुटी

मी रणोजीरावांच्या पोटातलं यंत्र बोलतोय. पोटातलं म्हणतो ते सवयीनं. हल्ली माझा मुक्काम म्हैसुरात, नजरबादला त्यांच्या घरी, देवघराखालच्या स्टीलच्या डब्यात आहे.

मी घडलो कुठल्या देशात ते ठाऊक नाही. काडेपेटीपेक्षा थोडा मोठा देह आणि दोन तारा, एवढाच मी. रणोजीरावांच्या जुन्या मधुमेहानं जठराच्या नसा निकामी केल्या होत्या. घास पुढे सरकेना. सकाळची इडली संध्याकाळी तशीच उलटून पडायची. डॉक्टरांनी मला त्यांच्या पोटाच्या कातडीखाली बसवलं आणि तारा जठराला टाचल्या. थांबून थांबून विजेचा बारीक टिचका द्यायचा, म्हणजे मळमळ दबते आणि सुस्तावलेलं जठर जरा हलतं. दिवसरात्र हेच काम. कंटाळवाणं खरं, पण मी इमानानं केलं.

हळूहळू नाचणीचा मुद्दा, म्हणजे शिजवलेल्या पिठाचा गोळा, त्यांना पचू लागला. पंगतीत बसून ते पहिल्यांदा सगळ्यांबरोबर जेवले, तेव्हा त्यांच्या पत्नी गिरिजाबाई स्वयंपाकघरात जाऊन रडल्या. माझा ऊर भरून आला, असं म्हणायला मला ऊर नाही, इतकंच.

या घराचे पूर्वज म्हैसूरच्या फौजेतले. रणोजीराव स्वतः मोटारी दुरुस्त करायचे, पण खंडेनवमीचा दंडक जुनाच: पूजेला मांडलेल्या हत्याराला दसऱ्यापर्यंत कुणी कामाला लावायचं नाही. त्या वर्षी त्यांनी पूर्वजांच्या तलवारीशेजारी आपले दुरुस्तीचे पाने मांडले, मग मला बंद-चालू करायचं रिमोट आणलं. कधी तपासणीसाठी मला थांबवावं लागलं तर, म्हणून डॉक्टरांनी ते दिलेलं.

"इवत्तु आयुधपूजा. आज सगळ्यांना सुटी, मग यालाच का राबवायचं?"

"अहो, डॉक्टरांना एकदा विचारा तरी," गिरिजाबाई म्हणाल्या.

"सुम्नीरु गं, गप्प बस. माझा जीव राखतंय ते. एक दिवस त्याचाही मान करू."

त्यांनी कळ दाबली. मी थांबलो. रिमोटला कुंकू लागलं.

मग नेहमीसारखं इन्सुलिन टोचून घेऊन ते होळिगे, म्हणजे पुरणपोळी, जेवायला बसले. हौसेनं जेवले. अन्न जठरात जागच्या जागी पडून राहिलं आणि इन्सुलिन मात्र आपल्या कामाला लागलं. साखर उतरत गेली. त्यांना घाम फुटला, डोळे जड झाले. सणाचं जेवण अंगावर आलंय, असं म्हणत ते आडवे झाले. त्यांची झोप मोडू नये म्हणून गिरिजाबाईंनी दार हलकेच ओढून घेतलं. मी आतच होतो, पण मला हाक मारता येत नाही. दिवेलागणीला त्या चहा घेऊन आल्या, तेव्हा सगळं संपलं होतं.

चितेत माझी बॅटरी फुटते, म्हणून मला आधी काढलं. गिरिजाबाईंनी मला मागून घेतलं.

ज्यांच्या अंगात माझ्यासारखं कुणी आहे, त्यांना हात जोडून सांगतो, हात नसले तरी: आम्हाला मान नको, काम करू द्या.

आज पुन्हा खंडेनवमी. तलवारीला हळदकुंकू झालं. गिरिजाबाईंनी डबा उघडला, मला मांडीवर घेतलं आणि रिमोटची कळ दाबली.

"आता थांबू नको," त्या म्हणाल्या, आणि डबा लावून टाकला.

मी थांबलेलो नाही. तारा डब्याच्या तळाशी पडल्या आहेत, आणि मी टिचके देतोय.