माणूस बसवून माप

बाबांनी घरातल्या वजनकाट्याचा काटा काढला. आधी म्हणाले खराब झाला, मग म्हणाले दुरुस्तीला दिलाय, आणि शेवटी तर दुरुस्त करणाराच दुकान बंद करून कुठेतरी निघून गेला. खरं कारण घरात सगळ्यांना माहीत होतं. डॉक्टरांनी गेल्या खेपेला तंबी दिली होती, की वजन आणखी उतरलं तर घरी बसून राहायचं नाही, लगेच यायचं, सगळ्या तपासण्या करायच्या. उशीर झाला तर मी काही करू शकणार नाही, असंही त्यांनी बजावलं होतं. तेव्हापासून बाबांनी काट्याशी आणि डॉक्टरांशी एकदमच संबंध तोडले. भर उन्हाळ्यात एकावर एक दोन स्वेटर मात्र घालायला लागले.

"तुम्ही जेवत नाही," आई म्हणायची.

"भरपूर जेवतो. तुझं लक्ष नसतं."

"पँट सुतळीने बांधलीय."

"पट्टा काचतो."

अशा माणसाशी वाद घालण्यापेक्षा भिंतीवर डोकं आपटलेलं बरं, निदान भिंत उलट बोलत नाही. त्यात एक दिवस ते माझ्या गॅरेजमध्ये आले आणि म्हणाले, "गाडी खाली बसव."

गाडी म्हणजे त्यांची दोन सीटची जुनी स्पोर्ट्‌स कार. वयाने माझ्यापेक्षा मोठी, आणि घरात लाडही माझ्यापेक्षा जास्त झालेले. मला लहानपणी ताप आला की आई उठायची. हिच्या इंजिनातून जरा वेगळा आवाज आला की बाबा उठायचे. गॅरेज पूर्वी त्यांचं होतं, आता माझं आहे. म्हणजे कागदोपत्री माझं आहे. बाबा रोज 'सहज' येतात आणि संध्याकाळपर्यंत सहज माझं डोकं खातात.

"किती खाली?"

"टायर आणि मडगार्डच्या मधे बोट जाता कामा नये."

"आणि गतिरोधक आला की? तुम्ही एका बाजूने उचलणार, मी दुसऱ्या?"

"तुला बसवता येत नसेल तर तसं सांग."

म्हातारा मला बरोबर ओळखून आहे. शिवाय मला वाटलं, आवडत्या कामात रमले तर दोन घास जास्त जातील. म्हणून मी गाडी आत घेतली.

काम तसं अवघड नाही. या गाडीच्या शॉकअॅब्सॉर्बरवर बाहेरून आटे पाडलेले आहेत आणि स्प्रिंग एका रिंगवर टेकलेली असते. रिंग खाली फिरवली की गाडी खाली बसते. पण बाबांचा एक नियम आहे, आणि त्यासाठी त्यांनी अर्ध्या गावाशी भांडणं केलीत. गाडी रिकामी मापायची नाही, माणूस बसवून मापायची. रिकामी गाडी किती छान दिसते याला काही अर्थ नाही, ती चालते माणसाच्या वजनाखाली. आता माणूस काही दिवसभर सीटवर गप्प बसत नाही, त्याला चहा लागतो, फोन येतात. म्हणून बाबांनी वाळूच्या पिशव्या शिवून ठेवल्यात, प्रत्येक पाच किलोची. माणसाच्या वजनाइतक्या पिशव्या सीटवर ठेवायच्या आणि मग टेप लावायची.

"तुमचं किती धरू?" मी विचारलं.

"ऐंशी."

"बाबा."

"ऐंशी म्हटलं ना! लग्नात ऐंशी होतो, आजही ऐंशी आहे."

दोन-चार किलोंची थाप असेल असं धरून मी त्यांच्या सीटवर सोळा पिशव्या रचल्या. "आणि आईचं?"

"सत्तर."

"साठ!" मागच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून आवाज आला. "चपला धरून!"

"सत्तर," बाबा हळूच म्हणाले. पण खिडकी उघडी होती, म्हणून बारा पिशव्यांवर तडजोड झाली.

गाडी जॅकवर घेतली, चाकं काढली. चारही रिंगांना गंज चढला होता. बाबा स्टुलावर बसून 'तेल मार', 'अजून मार', 'इतकं कशाला मारतेस' असं मार्गदर्शन करत होते. रिंगा एकदाच्या फिरल्या. चाकं लावून गाडी खाली उतरवली आणि चार वेळा पुढेमागे ढकलली. जॅकवरून उतरलेली गाडी अंग चोरून उंच उभी राहते, ढकलल्याशिवाय नीट बसत नाही. मग मी चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत टेप लावली. डावी-उजवी अगदी सारखी. गाडी अशी देखणी बसली होती, की बाबांनी दोन स्वेटरांच्या आत छाती फुगवली.

"आता मी बसून बघतो," ते म्हणाले.

मी त्यांच्या बाजूच्या पिशव्या उतरवल्या. इतक्या खाली बसलेल्या गाडीत शिरणं म्हणजे त्यांच्या गुडघ्यांना शिक्षाच होती. आधी डोकं, मग एक पाय, मग गाडी बनवणाऱ्याच्या आईवडिलांचा उद्धार, मग दुसरा पाय. मी गाडी पुन्हा पुढेमागे केली आणि टेप लावली.

त्यांची बाजू वर आली होती. टेपची गरजही नव्हती, नुसत्या डोळ्यांना दिसत होतं.

"रिंग सरकली," बाबा आतून म्हणाले.

रिंग जागेवर होती.

"फरशीला उतार आहे."

"फरशी तुम्हीच घातलीत. मघाशी उतार नव्हता."

"मग पिशव्या ओल्या असतील."

पाऊस पडून कितीतरी महिने झाले होते आणि पिशव्या हलवल्या की आतली वाळू सुळसुळत होती. मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी समोरच्या काचेतून भिंतीकडे बघितलं, जणू काही तिथे रस्ता होता. मला कळायच्या आधीच त्यांना कळलं होतं. उभं आयुष्य ज्या पद्धतीने लोकांच्या गाड्या मापल्या, त्याच पद्धतीत ते आपल्या पायांनी जाऊन बसले होते.

मी त्यांना हात धरून बाहेर काढलं आणि एकेक पिशवी परत सीटवर ठेवत गेले. दर पिशवीला टेप. बाराव्या पिशवीला तोच आकडा आला, जो ते बसले असताना होता. चार पिशव्या जमिनीवरच राहिल्या.

"वीस किलो, बाबा!" माझा आवाज चढला. मला भयंकर राग आला होता, आणि त्याहून जास्त भीती वाटत होती. "वीस किलो तुम्ही स्वेटराखाली लपवलेत?"

"हळू बोल. हिला सांगू नकोस."

एवढ्यात 'ही' चहाचे कप घेऊन दारात. तिने जमिनीवरच्या पिशव्या बघितल्या. इतकी वर्षं गॅरेजवाल्याशी संसार केलेल्या बाईला पिशव्या कशाच्या हे समजावून सांगावं लागत नाही. तिचं तोंड उघडायच्या आत बाबांनी विषय बदलला.

"बरं झालं आलीस. बस आत. साठ म्हणे! आता गाडीच सांगेल काय ते."

"मला नाही बसायचं."

"घाबरलीस?"

हा शब्द आईला चालत नाही. तिने कप ठेवले, मी तिच्या बाजूच्या पिशव्या काढल्या, आणि ती बसली. बाबांनी टेप माझ्या हातातून ओढून घेतली. बायकोचं वजन उघडं पाडायची संधी चालून आली होती, ते कसली सोडतात! कुरकुरणाऱ्या गुडघ्यांवर खाली बसले, टेप लावली. परत लावली. मग मला गाडी ढकलायला लावली आणि तिसऱ्यांदा लावली.

बराच वेळ ते उठेनात. मला वाटलं गुडघे अडकले. मी वाकून बघितलं, तर आईचीही बाजू वर आली होती.

तिला उतरवून पिशव्या बाबांनी स्वतःच्या हाताने रचल्या. नऊ झाल्यावर थांबले. उरलेल्या तीन मांडीवर घेऊन तिथेच फरशीवर बसून राहिले. मला तिथल्या तिथे लाज वाटली. रोज आमच्या सगळ्यांच्या नजरा बाबांच्या ताटावर होत्या, आईच्या ताटाकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नव्हतं.

"तू जेवत नाहीस?" बाबांनी विचारलं.

"तुम्ही ताट सारून उठता," आई म्हणाली. तक्रार नव्हती, मीठ संपलंय असं सांगावं तसं सांगितलं तिने. "मग माझ्या घशाखाली काय उतरणार? चहा घ्या, गार होतोय."

बाबांनी चहा घेतला नाही. माझ्याकडे हात पुढे केला आणि म्हणाले, "डॉक्टरला फोन लाव. मी बोलतो."

मी लावून दिला. त्यांनी घसा साफ केला, आपलं नाव सांगितलं, पलीकडून जे काही ऐकवलं गेलं ते मुकाट्याने ऐकून घेतलं.

"हो, चुकलं. उद्या येतो. साठ भरलंय," ते म्हणाले. मग त्यांनी आईकडे पाहिलं. "माझं राहू द्या डॉक्टर. हिचं पंचेचाळीस आहे. हिला आधी बघा."