अमृतरावांचं कानाचं मशीन

अमृतराव खंदारे एसटीचे ड्रायव्हर होते. इंजिनाशेजारी बसून बसून त्यांचे कान गेले आणि निवृत्त होऊन कुरुंद्याला घरी येईस्तोवर ओरडून बोललेलंच तेवढं ऐकू येऊ लागलं. त्यांच्या बायकोला, कमलबाईंना, याची काही तकलीफ नव्हती. कामाचं तेवढं त्या ओरडून सांगत. बाकीचं, म्हणजे नवऱ्याबद्दलचं खरं मत, त्याच्यासमोरच साध्या आवाजात बोलून मोकळ्या होत.

त्यांची मुलगी आकांक्षा हिंगोलीच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते. उन्हाळा लागता लागता तिनं नांदेडहून वडिलांसाठी कानाचं मशीन आणलं. त्याच संध्याकाळी चहा गाळताना कमलबाई सवयीनं पुटपुटल्या, "माणसाचं पोट हाय का रांजण."

मागून उत्तर आलं, "रांजणच हाय. भर."

कमलबाईंच्या हातातली गाळणी कपात पडली. तेव्हापासून त्या स्वतःच्याच घरात पाहुणीसारखं तोलूनमापून बोलू लागल्या. शेजारची करुणा गप्पा मारायला आली की दोघी उठून गोठ्यामागं जाऊन बसायच्या. उन्हात हळद वाळत घालायला येणाऱ्या बायकाही विचारायला लागल्या, की कमलबाई, तब्येत बरी न्हाई का.

मग एका दुपारी दारातला कडुलिंब किरकिरायला लागला. दर उन्हाळ्यात त्याच्यावर किडे ओरडतात, तसेच ओरडले. पण अमृतरावांनी हा आवाज कितीतरी वर्षांत ऐकलाच नव्हता. कढईत मोहरी तडतडत राहावी आणि थांबूच नये, असं त्यांच्या डोक्यात चालू झालं. त्यांनी कमलबाईंना विचारलं, तुला काही वाजल्यावाणी ऐकू येतंय का.

कमलबाईंनी क्षणभर लिंबाकडं पाहिलं. "न्हाई," त्या म्हणाल्या. "काहून?"

करुणा तिथंच बसली होती. तिला कमलबाईंनी पदराआडून चिमटा काढला, तेव्हा तिलाही काही ऐकू येईना. अमृतरावांनी मशीन काढून पाहिलं. आवाज बंद. परत घातलं, तर चालू. म्हणजे मशीनच बिघडलं, यात शंका उरली नाही. त्यांनी ते डबीत ठेवून आकांक्षाला फोन लावला. करुणा परत ओट्यावर बसायला लागली आणि कमलबाईंचं साठलेलं सगळं भडाभडा बाहेर आलं.

रविवारी आकांक्षा आली तेव्हा कमलबाई दळण आणायला गेल्या होत्या. पोरगी लिंबाखाली उभी राहिली आणि हसत सुटली. खोडाला चिकटलेलं एक तपकिरी टरफल तिनं अलगद काढून वडिलांच्या तळहातावर ठेवलं. पाय, डोळे, सगळं जागच्या जागी, फक्त पाठीवर चीर आणि आत काही नाही. तिनं मोठ्यानं समजावलं, की हा सिकाडा. ह्याचं पिल्लू कैक वर्षं जमिनीखाली मुळांचा रस पिऊन राहतं. मग एका संध्याकाळी वर येतं, झाडावर चढतं, पाठ फाटते आणि पंखवाला किडा बाहेर पडतो. त्यानंतर आयुष्य थोड्याच आठवड्यांचं, आणि तेवढ्यात जोडीदारीण मिळवायची म्हणून नर हा असा ओरडतो.

"आन मादी?" अमृतरावांनी विचारलं.

"तिच्याकडं वाजवायला काही नसतं, बाबा. ती गप असते."

अमृतरावांनी रिकाम्या स्वयंपाकघराकडं बघितलं. "आपल्या घरची न्हाई," ते म्हणाले.

आकांक्षाला त्यांनी गप्प राहायला लावलं. कमलबाई आल्यावर मशीन दुरुस्तीला दिलं असं सांगितलं, आणि दुसऱ्या दिवसापासून ते कानात घालून, वरून रुमाल बांधून बाजेवर पडून राहू लागले. पहिल्याच संध्याकाळी ऊन उतरलं, तसे किडेही गप्प झाले. ओट्यावरून कमलबाईंचा आवाज स्वच्छ ऐकू आला. त्या करुणाला सांगत होत्या, की हे दरसाल बुद्धपौर्णिमेला विहारात गाणं म्हणतात. "मी माईकवाल्या दिपकला आधीच सांगून ठेवते. हे उभे राहिले की बटण बंद कर. पुढच्या दोन रांगा सोसतील, बाकीचे तरी वाचतील."

अमृतराव बाजेवर तसेच डोळे मिटून पडून राहिले. त्यांना राग आला होता, आणि हसूही.

पौर्णिमेच्या संध्याकाळी ते विहारात गेले ते थेट दिपकजवळ. बटणाला हात लावलास तर बघ, असं त्याला बजावलं. मग माईकसमोर उभे राहून त्यांनी सगळ्यांसमोर रुमाल सोडला. पहिल्या रांगेतल्या कमलबाईंना त्यांच्या कानातलं मशीन दिसलं आणि त्यांनी पदर तोंडावर घेतला.

अमृतरावांनी पहिली ओळ म्हटली. कर्ण्यातून निघालेला स्वतःचा आवाज ते इतक्या वर्षांनी पहिल्यांदाच ऐकत होते. दुसरी ओळ त्यांनी जरा हळू म्हटली. तिसरीला थांबले आणि दिपककडं वाकले.

"बंद कर," ते म्हणाले.

दिपकनं माईक बंद केला. पण गाणं अर्ध्यात सोडणं बराबर नव्हतं. म्हणून अमृतरावांनी मशीन काढून खिशात घातलं, छाती भरून श्वास घेतला आणि उरलेली सगळी कडवी पूर्ण आवाजात म्हटली. पहिल्या रांगेतून कमलबाईंना उठताही येईना.