चामटोलीचा ठिपका

अंबरनाथच्या नियंत्रण कक्षाला त्या सकाळी झेंडूच्या माळा लावल्या होत्या. नव्या स्मार्ट वीजयंत्रणेचं उद्घाटन होतं. भिंतभर स्क्रीनवर बदलापूर ते उल्हासनगरचा एकेक ट्रान्सफॉर्मर ठिपक्यासारखा दिसत होता. वीज असली की हिरवा, गेली की लाल. ती यंत्रणा बसवणाऱ्या संशोधन गटात विनिता तीन वर्षं राबली होती.

पाहुणे यायच्या बेतात असताना चामटोलीहून तिच्या आईचा, तुळशीचा फोन आला.

"विनिता, सकालपासना लाईट नाय गो. मोटर बंद, टाकीत थेंब नाय. कोनाला सांगू?"

विनिताने स्क्रीनकडे पाहिलं. चामटोलीचा ठिपका हिरवागार!

तिला नवल वाटलं नाही. खांबावरच्या यंत्राचा संदेश येणं थांबलं तरी स्क्रीन शेवटची नोंदच ताजी म्हणून दाखवत राहतो, हे तिने दोनदा लेखी कळवलं होतं. दोन्ही वेळा उत्तर एकच, पुढच्या टप्प्यात बघू.

ती प्रकल्पप्रमुख उन्मेष यांच्याकडे धावली. "सर, चामटोलीत वीज नाही. स्क्रीन खोटं बोलतोय."

"लाइनमन पाठवतो," ते दबक्या आवाजात म्हणाले. "एका गावापायी आजचा दिवस नासवू नकोस."

"एकच गाव कशावरून? बघू तरी द्या."

"विनिता, जागेवर जाऊन बस."

ती जागेवर जाऊन बसली. जागा तिच्या कॉम्प्युटरपुढचीच होती. अर्धा तास संदेश नसेल तर ठिपका राखाडी करायचा, हा बदल तिने केव्हाच लिहून ठेवला होता. अडलं होतं ते फक्त परवानगीपाशी. टाळ्यांच्या गजरात पाहुणे आत आले आणि तिने बटण दाबलं.

एकेचाळीस ठिपके राखाडी झाले.

"हे काय?" पाहुण्यांनी विचारलं.

"किरकोळ टेक्निकल प्रॉब्लेम..." उन्मेष चाचरले.

विनिता उभी राहिली. "प्रॉब्लेम नाही, साहेब. आत्ता खरं दिसतंय. राखाडी म्हणजे तिथलं आम्हाला काहीच कळत नाही. त्यातलं एक माझं गाव आहे. तिथे सकाळपासून वीज नाही."

कार्यक्रम चहावरच आटोपला. दुपारी तिच्या हातात बदलीचा कागद पडला: संशोधन बंद, बदलापूरला फील्डवर.

"स्वतःच्या हाताने वाटोळं करून घेतलंस," उन्मेष म्हणाले.

"हो सर. हात माझाच होता."

ती तिथून तडक चामटोलीला गेली. लाइनमन हरिचंद्र खांबावर चढला होता. जळालेला फ्यूज बदलला, वीज आली. संदेश पाठवणाऱ्या डब्यात मुंग्यांनी घर केलं होतं.

दुसऱ्या दिवसापासून ती आणि हरिचंद्र राखाडी ठिपक्यांची यादी घेऊन निघाले. बदलापूरच्या मांजर्लीतल्या डब्यांत पुराचा गाळ होता, तर उल्हासनगरच्या कॅम्प पाचमध्ये एका डब्याला वायरच जोडलेली नव्हती. महिन्याभरात एकोणतीस ठिपके जिवंत झाले. स्क्रीनवरचा राखाडी रंग काढून टाकायची छाती मात्र कुणाला झाली नाही.

मग उन्मेष यांचा फोन आला. "लेखी माफी दे, परत घेतो."

मांजर्लीच्या रस्त्यावर, हातातला पाना खाली न ठेवता ती म्हणाली, "अजून बारा बाकी आहेत, सर. मला वेळ नाही."