शेत आमचं, ओपनिंग माझी

निडी गावच्या क्रिकेट संघाचा मी अकरा वर्षं कप्तान आहे आणि अकरा वर्षं ओपनिंगला जातो. माझ्या सर्वांत जास्त धावा तेवीस. त्यातल्याही चार लेगबाय होत्या, पण स्कोअर लिहिणारा आमच्याच आळीतला.

आमच्याकडे भातकापणी झाली की ओल असेतो शेतात वाल टाकतात. रस्त्याकडचं आमचं मोठं शेत मात्र बाबांनी रिकामं ठेवलं, मधले बांध काढून, चोपून त्याचं ग्राउंड केलं. लगेच गावानं मला कप्तान केलं. ज्याची बॅट त्याची पहिली बॅटिंग, हे पोरासोरांचं झालं. आमच्यात ज्याचं शेत त्याची. साहेबाच्या देशातही पूर्वी म्हणे काउंटीचा कप्तान मोठ्या घरचा, पगार न घेता खेळणारा असायचा, मग त्याला खेळता येवो न येवो. हे मोबाइलवर वाचून मी पोट धरून हसलो होतो.

परवा जिते गावच्या संघाशी फायनल होती. पेणच्या एका मोठ्या संघाचा माणूस ओपनर शोधायला आला होता, आणि हे सगळ्यांना ठाऊक होतं. निकेशलाही. निकेश रोह्याला कंपनीत आहे, शिफ्ट बदलून आला होता. गावात त्याच्यासारखा बॅट्समन नाही, आणि तो सहाव्या नंबरला खेळतो. वरचे पाच नंबर आमच्या भावकीचे.

"दादा, आज निकेशला पाठवायचा काय वर?" आमचा विकेटकीपर जनू हळूच म्हणाला.

"मी जरा सेट करून देतो, मग येऊ दे त्याला."

सेट! पाच ओव्हरची मॅच.

सेहेचाळीस हव्या होत्या. मी सतरा चेंडूंत अकरा केल्या. समोरचे चौघे माझ्यापायी घाईत आऊट झाले. बांधावर निकेश बॅट घेऊन उभा दिसत होता. मला मुद्दाम आऊट होता आलं असतं, दुखतंय म्हणून बाहेर जाता आलं असतं. पण पेणचा माणूस बघतोय म्हणून मीच छाती काढून उभा राहिलो. काय सांगावं, आपल्यालाच उचलतील! वय माझं एकोणचाळीस. आता आठवलं की लाजेनं कान तापतात. चौथी ओव्हर संपायच्या आत तो माणूस मोटरसायकलवर बसून निघून गेला. निकेशला शेवटचे दोन चेंडू मिळाले. दोन्ही सिक्स. आम्ही नऊ धावांनी हरलो.

काल संध्याकाळी मी त्याच्या घरी गेलो. त्याची आई, चंद्रावतीकाकी, पडवीत वालाच्या शेंगा निवडत होती. मी काही बोलायच्या आधीच तिनं पिशवी भरली.

"तुज्या आईला दे, शकूला. तुमच्यात वाल नाय ना होत, तुज्यासाठी शेत सोडलाय."

अकरा वर्षं माझी आई लोकांच्या घरचे वाल रांधते, हे मला तिथं कळलं.

निकेश बाहेर आला. मी मान खाली घालूनच म्हणालो, "निकेश, माझं चुकलं. पुढच्या सालापासून मी नाय खेळणार. ओपनिंग तुझी."

वाटलं होतं, तो खूश होईल. त्याचा चेहराच उतरला. काकीचे हात थांबले.

"मग ग्राउंड, दादा? तुमचे बाबा परत वाल टाकतील काय?"

"नाय रे. ग्राउंड राहील."

त्याचा विश्वास बसला नाही. कसा बसेल? अकरा वर्षं आम्ही त्यांना हेच शिकवलं होतं.

"नको दादा, तुम्हीच जावा ओपनिंगला," तो घाईघाईनं म्हणाला. "परवा जरा नशीब नव्हता, एवढंच. तुम्ही चांगले खेळत होतात."

ज्याची संधी मी खाल्ली, तोच माझी समजूत घालत होता. मी पिशवी उचलली आणि निघालो. धरणीनं पोटात घ्यावं असं वाटलं, खरंच वाटलं. पण त्याच्या आधी, एक क्षणभर, 'चांगले खेळत होतात' ऐकून मला बरं वाटलं होतं.