सूर्यावर पाणी नसतं

विद्युल्लतेला ताप येऊन आठ दिवस झाले होते आणि तिच्या आजीचा, उमाबाईंचा, हुकूम एकच होता: तापात पाणी नाही. फार झालं तर ओल्या फडक्यानं जीभ ओली करायची. सोनकच्छच्या वैद्यांनीही मान डोलावली होती. उमाबाई काही दुष्ट नव्हत्या. त्यांची स्वतःची दोन लेकरं तापात पाणी पिऊन गेली, असं त्या तीस वर्षं मनात धरून बसल्या होत्या.

पोरीचे वडील भास्करराव देवासच्या शाळेत शास्त्र शिकवत. परीक्षा घ्यायला धारला निघताना ते बायकोला, सीतेला, म्हणाले, "आई सांगेल तसं कर. तिला अनुभव आहे."

चैत्रातली दुपार. उमाबाई पडवीत आडव्या झाल्या, तशी पोरगी हळूच म्हणाली, "आई, सूर्यावर पाणी असतं का गं?"

"तुझ्या बाबांना विचार ना, बाई."

"विचारलंय. नसतं. ज्याचं पाणी होतं तो हायड्रोजन तिथं ढीगभर आहे, पण इतका तापलाय की वायूच राहतो. पाणी होतच नाही." तिला धाप लागली. "आणि हेलियम तर आधी तिथंच दिसला. त्याला गार करकरून परवा विलायतेत पातळ केला म्हणे. केवढा हट्टी!"

"तुझ्यासारखाच. आता बोलू नकोस, घसा सुकतो."

"मी पण तापलेय ना. मला पण कर ना गार. थोडीशीच."

सीता उठली. माठावरचं झाकण काढून तिनं वाटी बुडवली. तेवढ्यात पडवीत सासूबाई खोकल्या. हातातली वाटी तिनं तशीच माठात सोडली आणि फडकं भिजवून आणलं. पोरीनं ते दातांनी पिळून पिळून चोखलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी ती गेली. भास्करराव दुपारी टांग्यातून उतरले, तेव्हा तिला स्मशानात नेऊनही झालं होतं.

"अहो," सीता म्हणाली, "सूर्यावर काय कुठल्या रूपात आहे, ते सात वर्षांच्या पोरीला शिकवलंत. तिला पाणी दे, एवढं तुम्हाला सांगवलं नाही?"

"आईला वाईट वाटलं असतं गं."

सीतेनं माठाकडे पाहिलं. वाटी सोडताना तिलाही तेच वाटलं होतं.

पोरीच्या अंथरुणाची जागा उमाबाईंनी सारवली. तिथं दिवा लावला, शेजारी पाण्याचं फुलपात्र ठेवलं. गेलेल्या जिवाला तहान लागते. दहा दिवस ठेवायचं, अशी रीत.

"सीते, भरत जा हं," त्या पदरात तोंड लपवून म्हणाल्या. "पोरीला कमी पडू देऊ नकोस."