छावणीतली शेवंती आणि वैजनाथ मास्तर

मित्रांनो, मी एक म्हातारी घोडी आहे. माझं नाव शेवंती. मी शिंगरू असतानाच छावणीतला फकिरा टांगेवाला मला घरी घेऊन आला आणि त्यानंच मला टांग्याची सवय लावली. स्टेशन ते छावणी अशा आम्ही दोघांनी किती खेपा केल्या असतील! फकिरा गिऱ्हाइकांना कौतुकानं सांगायचा, "हिला चाबूक लागत नाय." ते ऐकून मी आणखी ऐटीत चालायचे.

पुढं शहरात रिक्षा वाढल्या. एका हिवाळ्यात फकिराही तापानं गेला. त्याची बायको आधीच वारली होती. मागं राहिली त्यांची एकुलती मुलगी मुक्ता. तिला सरूबाई मावशी कन्नडला घेऊन गेली. मुक्ता सज्ञान होईपर्यंत फकिराचं घर, उस्मानपुऱ्यातला छोटा प्लॉट, टांगा आणि मी, असं सगळं सांभाळायला कोर्टानं वैजनाथ मास्तरांना नेमलं. शाळेतून निवृत्त झालेले मास्तर फकिराचे जुने गिऱ्हाईक होते. सुरुवातीला ते माझ्या तोंडाजवळ हात न्यायलाही भ्यायचे. हळूहळू माझ्या तोंडाला दाण्याचा तोबरा बांधायला शिकले.

त्यातच बहात्तरचा दुष्काळ पडला. कडबा मिळेनासा झाला. अशात मुक्ता सज्ञान झाली आणि मास्तरांची मुदत संपली. त्यांनी कन्नडला दोन पत्रं टाकली. उत्तर आलं नाही. तरी मास्तर रोज दोन वेळा यायचे, आपल्या घरच्या पाण्यातलं अर्धं मला पाजायचे.

एक दिवस प्लॉटचे व्यवहार करणारे तात्यासाहेब अंगणात आले.

"मास्तर, प्लॉट आणि घोडी मला देऊन टाका. कागदावर मागच्या महिन्याची तारीख घाला. तेव्हा तुम्हाला अधिकार होताच की."

"तेव्हा होता. आता नाही."

"मग हिला चारा कशाला घालता? तुम्ही तर सुटलात."

"विकायचा अधिकार संपला, तात्यासाहेब. जे आहे ते जपून मुक्ताच्या हाती द्यायचं काम संपलेलं नाही."

"आणि तोवर घोडी मेली तर?"

 माझ्या बरगड्या तेव्हा मोजता येत होत्या. मास्तरांनी माझ्या मानेवर हात ठेवला.

"तर तेही मुक्ताला मीच सांगेन. पण खोटी तारीख घालणार नाही."

दुसऱ्या दिवशी मला पत्नीच्या, पद्मजाबाईंच्या हवाली करून ते एसटीनं कन्नडला गेले. मावशी आणि मुक्ता दुष्काळी कामावर, रस्त्याची खडी फोडायला गेल्या होत्या. पत्रं शेजाऱ्याकडं तशीच पडून होती. तिसऱ्या दिवशी मास्तर मुक्ताला घेऊन आले. ती उन्हानं रापली होती, तळहातांना फोड आले होते. पण तिनं मला हाक मारली ती लहानपणीसारखीच. मी जोरात खिंकाळले.

मास्तरांनी यादी वाचत एकेक वस्तू तिच्या हाती दिली. किल्ल्या, प्लॉटचे कागद, माझा साज. शेवटी माझा दोर. मुक्तानं सही केली आणि विचारलं, "काका, आता काय करू?"

"माझं मत सांगेन. ठरवायचं मात्र तू."

तिनं माझ्या बरगड्यांवरून हात फिरवला. "टांगा विकते. शेवंतीच्या चाऱ्याचं भागंल. प्लॉट ऱ्हाऊ द्या. लई मेहनतीनं घेतलाय बाबानं."

मास्तरांनी मान हलवली आणि ते घरी गेले. आता त्यांच्यावर माझी कसलीच जबाबदारी उरली नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र फाटक वाजलं.

"काका, काही द्यायचं ऱ्हायलं का?" मुक्तानं विचारलं.

"काही नाही," मास्तर ओशाळून म्हणाले. "पाय इकडंच वळले."

मित्रांनो, त्या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. कुणाचं घर, कुणाचं जनावर कधी तुमच्या हवाली झालं, तर मुदत संपली म्हणून हात झटकू नका. ज्याचं त्याला नीट पोचेपर्यंत जपा. त्या दुष्काळात काही दिवस माझ्यासाठी सही करायचा मास्तरांचा अधिकार संपला होता आणि मुक्ता लांब होती, पण मी बेवारस एक दिवसही नव्हते.