महाराजांची थांबलेली नाडी

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. मंचावर महाराजांनी डोळे मिटले, दंड अंगाशी घट्ट धरले आणि मनगटं पुढे केली. ‘हृदय थांबवतोय. खात्री करून घ्या,’ ते म्हणाले. पहिल्या रांगेतले माझे सासरे पुढे झाले. दोन्ही मनगटं चाचपली, नाडी लागेना. मिनिटभराने महाराजांनी सुस्कारा सोडला आणि नाडी परत आली. लोकांनी हात जोडले.

‘जो स्वतःचं हृदय बंद-चालू करतो, त्याला तुमचं काय जड आहे? गोळ्या म्हणजे संशय. संशय सोडा.’

सासऱ्यांनी संशय सोडला, म्हणजे हृदयाच्या गोळ्या सोडल्या. चार दिवसांत जिना चढताना त्यांना धाप लागायला लागली. मी बोलले की म्हणत, ‘सूनबाई, मी माझ्या बोटांनी पाहिलंय.’

मी शाळेत विज्ञान शिकवते. आठवीला दाखवायचा हृदयाचा व्हिडिओ घरी नजरेखालून घालत होते, तेव्हा तेही शेजारी येऊन बसले. पडद्यावर हृदय आकसत होतं, सैलावत होतं. तिथून निघालेली लाल रेघ काखेतून दंडात आणि पुढे मनगटात उतरत होती.

‘थांबव जरा. हे काखेतून जातं?’

‘हो.’

‘आणि तिथेच दाबलं तर?’

मी मुलीचा रबरी चेंडू सासूबाईंच्या काखेत दिला आणि दंड आवळायला सांगितला. सासऱ्यांनी त्यांचं मनगट धरलं. नाडी गायब.

‘भाजी करपतेय, किती वेळ धरून बसणार?’ सासूबाई म्हणाल्या.

सासरे त्यांच्याकडे बघतच राहिले. ‘हृदय थांबलं तर ही बोलते कशी?’ मग हळूच म्हणाले, ‘म्हणजे मला गंडवलं.’

पुढच्या सभेत नाडी थांबताच सासरे मंचावर गेले. जन्मभर शिवणकाम केलेला माणूस. खिशातून टेप काढून म्हणाले, ‘महाराज, अंगरख्याचं माप घेतो. हात वर करा.’

‘आत्ता समाधी आहे.’

‘समाधीत बोलता येतं?’

लोक हसले. एका शिष्याने सासऱ्यांना बाजूला ओढलं, त्या झटापटीत महाराजांचा तोल गेला, हात सुटले आणि दोन चेंडू टप्पे खात पायऱ्यांवरून खाली आले.

सासऱ्यांच्या गोळ्या तर सासूबाईंची नाडी पाहिली त्याच दिवशी डॉक्टरांना विचारून सुरू झाल्या होत्या. महाराजांचं हृदय एकदाही थांबलं नव्हतं. फक्त हातात जाणारं रक्त अडलं होतं. एवढं कळायला शाळेतला पाच मिनिटांचा व्हिडिओ पुरला. म्हणून सांगते, चमत्कार दिसला की हात जोडण्याआधी विचारा: हे होतं कसं? विचारायला कसली लाज?